सासऱ्यांच्या दंडावर माझी साखर

मशीन कितीही हुशार असलं तरी ते शेवटी माणसानेच बनवलेलं असतं, आणि माणसाला गुंडाळणं मला चांगलं जमतं. अमरावतीच्या एका सरकारी ऑफिसात मी सारी नोकरी काढली आहे. ऑडिटवाले दात-ओठ खात आले आणि माझ्याशी गप्पा मारून हसत गेले, असं कितीदा तरी झालं आहे. तिथे नाण्याएवढ्या एका पांढऱ्या चकतीची काय कथा!

ही चकती म्हणजे साखर मोजायचं नवं यंत्र. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचं. त्याची केसाएवढी तार कातडीखाली जाते आणि पंधरा दिवस, झोपलात तरी, तुमच्या अंगातली साखर मोजत बसते. मोजते ते मोजते, वर फोनवर कळवते. माझ्या फोनवरून ते माझ्या बायकोच्या, म्हणजे वर्षालीच्या फोनवर जातं, आणि तिथून नागपूरला शिकणाऱ्या आमच्या मुलीच्या, पौर्णिमाच्या फोनवर. पूर्वी कसं होतं, महिन्यातून एकदा लॅबमध्ये जायचं, आदल्या दिवशी शहाण्यासारखं जेवायचं आणि बरा रिपोर्ट घेऊन यायचा. माणसाला काही इज्जत होती. आता लग्नात एक गुलाबजाम तोंडात टाकला की तो गिळायच्या आत नागपूरहून फोन येतो.

माझ्या पहिल्या चकतीचे पंधरा दिवस नेमके लग्नसराईत आले. ग्राफ असा आला की डॉक्टर रागिणीबाई तो बघून म्हणाल्या, "चिखलदऱ्याचा घाट काढलाय का हा?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आणखी एक चकती देते. पुढच्या पंधरवड्यात ग्राफ सुधारला नाही तर इन्सुलिन सुरू. रोज इंजेक्शन."

इथे माझी अडचण सांगायला हवी. साहेबाला मी घाबरत नाही, सापालाही फारसा घाबरत नाही. पण सुई पाहिली की माझे पाय जागेवर आहेत की गेले, हे मला शेजारच्याला विचारावं लागतं. त्यामुळे हा ग्राफ काहीही करून सुधारायलाच हवा होता. काहीही करून म्हणजे अर्थात जेवण कमी करणं सोडून बाकी काहीही.

आणि त्याच आठवड्यात बार्शीटाकळीहून सासू-सासरे आले.

सासूबाईंच्या, म्हणजे माणिकबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्याचं ऑपरेशन अमरावतीला करायचं ठरलं होतं. सासरे शेषराव सोबतीला. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून तुरीच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, असे चालतात की मागच्याने पळावं. अंगावर मांस म्हणून नाही. आणि जेवण? अर्धी भाकर, पळीभर वरण, वर पाणी. वर्षाली आग्रह करकरून थकायची.

"बाबा, अजून अर्धी घ्या ना."

"नाई माय. आता वयानं भूक मेली."

"मी केलेलं आवडत नाही का तुमाले?"

"तसं नाई व माय. पोट भरलं."

ती तोंड पाडून टोपलीतली भाकर झाकून ठेवायची. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण बाप तिच्या घरी पोटभर जेवल्याचं तिला आठवत नव्हतं, आणि ते तिला लागायचं. मी मात्र त्या अर्ध्या भाकरीकडे वेगळ्या नजरेने बघत होतो. एवढंसं जेवणारा, काटक, चालता माणूस! याची साखर किती असणार? तळ्यातल्या पाण्यासारखी सपाट.

सासूबाई आणि वर्षाली डोळ्याच्या दवाखान्यात गेल्या असताना मी नवी चकती घेऊन मामाजींजवळ, म्हणजे सासऱ्यांजवळ, बसलो.

"मामाजी, एक काम होतं. हे पंधरा दिवस तुमच्या दंडावर राहू द्यायचं. आणि वर्षालीले सांगायचं नाही."

त्यांनी चकती उलटसुलट करून पाहिली. "काय हाय हे?"

"मशीन आहे. तब्येतीचं."

"मंग तुमाले काहून नाई लावून राह्यले?"

"मलेच लावायचं आहे. पण तुमच्या दंडावर."

दुसरं कोणी असतं तर अजून चार प्रश्न विचारले असते. पण जावई आहे म्हटल्यावर आमच्या वऱ्हाडातला सासरा प्रश्न विचारत नाही. "जवाई पैल्यांदा काई मांगून राह्यले, अन् म्या नाई म्हनाव काय?" असं म्हणून त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि पोस्टातला माणूस शिक्का मारतो तशी ती चकती स्वतःच्याच हाताने दंडावर मारून घेतली. मी तोवर खिडकीतून बाहेर बघत होतो. माझ्या दंडावर जुनी, बंद पडलेली चकती होतीच. ती निघू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली. फोन नव्या चकतीला जोडला. झालं काम. त्या दिवशी मी दोन पुरणपोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या आणि फोनमधला आकडा हलला नाही. विज्ञानाबद्दल इतका आदर मला कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो. या चकतीचं असं असतं की फोन दूर असला तर ती सगळं पोटात साठवून ठेवते आणि फोन जवळ आला की एका दमात ओकते. मी चप्पल काढतो न काढतो तोच फोन गिरणीच्या भोंग्यासारखा वाजला. स्वयंपाकघरात वर्षालीचा फोन वाजला. मग नागपूरहून पौर्णिमाचा फोन आला.

"काय खाल्लं तुमी ऑफिसात?" वर्षाली पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आली.

"काही नाही. तू दिलेला डबा."

"मंग चार वाजता दोनशे नव्वद कशी झाली? कोणी गुपचूप साखर टाकून गेलं तुमच्या तोंडात?"

मी मामाजींकडे पाहिलं. ते ओसरीवर बसून सासूबाईंच्या डोळ्यात ऑपरेशनच्या आधीचे थेंब टाकत होते. दुपारी घरीच जेवले होते. अर्धी भाकर. मग अंबादेवीच्या दर्शनाला जाऊन आले होते. माणिकबाईंचा डोळा नीट व्हावा म्हणून ते रोज देवीला जाणार होते. अशा माणसाची साखर दोनशे नव्वद? मशीनच खराब असणार.

पण मशीन खराब आहे असं मी म्हणू शकत नव्हतो. म्हटलं असतं तर पौर्णिमाने बदलून आणायला लावलं असतं आणि डॉक्टरीणबाईंनी दुसरी चकती माझ्याच दंडावर ठोकली असती. मी म्हणालो, "ऑफिसात केक कापला कोणाच्या तरी वाढदिवसाचा. एवढासा खाल्ला."

हे मी करायला नको होतं. त्या न खाल्लेल्या केकपायी रात्रीच्या दोन भाकरींची एक झाली आणि भात बंद झाला. तिसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तोच डोंगर. सकाळी दुधीचा रस सुरू झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीनशे. रसात कारलं पडलं. पौर्णिमा व्हिडिओ कॉलवर माझं जेवण समोर बसून बघायची. आधी काकडी, मग पातळ वरण, मग भाकरीचा तुकडा, मग वीस मिनिटं गच्चीवर फेऱ्या. ज्वारी आमच्या आज्या-पणज्यांनी खाल्ली, तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं. आता पोरगी सांगते, "बाबा, मिलेट आहे ते, पण जपून खा."

आणि मी जितका वाळत होतो तितका तो ग्राफ वर चढत होता. वर्षालीला काही कळेना. ती कमी वाढतेय आणि साखर वाढतेय, म्हणजे नवरा बाहेर हादडतोय, हे तिने पक्कं धरलं. तिने माझ्या ऑफिसातल्या खुशालरावांना फोन करून माझ्यावर पाळत ठेवायला सांगितलं. खुशालराव माझे चांगले मित्र. त्यांनी ते काम फार मनावर घेतलं. ते माझ्या टेबलासमोर खुर्ची टाकून आलूबोंडे खात बसायचे आणि मी खात नाही ना ते बघायचे.

"भाऊ, मी वहिनीले रोज खरं तेच सांगून राह्यलो. का भाऊ काईच खात नाई."

"मग ती काय म्हणते?"

"म्हनते, तुमी त्याहिले सामील हाय."

शेवटी एका दुपारी माझा बांध फुटला. डब्यात उकडलेले मूग होते. समोर खुशालराव बोंड्यातली मिरची चोखत होते. मी उठलो आणि "साइटवर जाऊन येतो" असं सांगून निघालो ते थेट अंबादेवीच्या रस्त्याला. तिथे गिलावड्याची एक गाडी आहे. गार दह्यातला तो वडा, वर चटणी. चकती तर मामाजींच्या दंडावर होती. मी काय खाल्लं हे परमेश्वरालाही कळणार नव्हतं.

गाडीशी पोचलो. बाकड्यावर पाठमोरा एक माणूस बसला होता. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा, समोर गिलावड्याची प्लेट, तिच्या शेजारी जिलबीची प्लेट, आणि जिलबीवर रबडी.

"मामाजी?"

त्यांनी वळून पाहिलं. पळभर चेहरा पडला. पण लगेच माणूस सावरला, जावई दारात आल्यावर सावरावं तसाच. "या, बसा जवाईबुवा. एक प्लेट इकडे दे रे बापा. दही जास्त टाक."

"मामाजी, तुमची तर भूक मेली ना?"

"भूक कायले मरते? लय भूक लागते. येवढ्यात तं काई केल्या जीवच भरत नाई." ते खाली बघून म्हणाले, "पन लेकीच्या घरी पोटभर जेवनं आमच्यात नाई, बुवा. माह्या बापानं माह्या बहिनीच्या घरी पानी पेलं नाई कधी. म्या तरी अर्धी भाकर खातो. काळ बदलला ना आता."

मी उभाच राहिलो. म्हणजे हा माणूस घरी अर्धी भाकर खाऊन रीत पाळत होता आणि उरलेलं पोट रोज देवीच्या नावाखाली इथे भरत होता. आणि त्यांच्या प्रत्येक जिलबीचं पाप माझ्या ताटातल्या भाकरीवर बसत होतं.

मी काही बोलणार तेवढ्यात खिशातला फोन वाजला. चकती हातभर अंतरावर होती, तेव्हा आता साठवण्याचं काही काम नव्हतं. तीनशे बेचाळीस. गाडीवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. भोंगा बंद करतो न करतो तोच वर्षालीचा फोन.

"कुठं आहे तुमी?"

"ऑफिसात."

मागून गाडीवाला ओरडला, "बाबाजी, जिलबी अजून टाकू का गरम?"

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. मागाहून कळलं की तिने लगेच खुशालरावांना फोन लावला. ते म्हणाले, भाऊ साइटवर गेले. आणि मित्र खोटं बोलत नाही हे दाखवायला त्यांनी स्वतःहून जोड दिली की साइटचं काम मात्र कधीचं बंद आहे.

मामाजींनी माझ्यासमोर प्लेट सरकवली. मला खावंसं वाटेना. इतके दिवस तो आकडा म्हणजे नुसती माझी बदनामी होती. आता तो आकडा समोर बसून जिलबीचा पाक बोटाने पुसत होता. मशीन खराब नव्हतं.

"मामाजी, तहान लागते का फार?"

"लय. तांब्यावर तांब्या रिचवतो. अन् रातच्यानं सारखं उठा लागते."

"वजन कमी झालं?"

"आता म्हाताऱ्याचं वजन कायचं वाढते? पार उतरलं बावा यंदा. वयानं होते."

खरं सांगतो, मी घाबरलो. सुईला घाबरतो तसा नाही, वेगळाच. या माणसाने एक शब्द न विचारता माझ्यासाठी हात पुढे केला होता. आणि मी त्याच्या अंगातला रोग रोज माझ्या फोनवर बघून मशीनला शिव्या देत होतो.

"मामाजी, हे वर्षालीले सांगावं लागेल."

त्यांनी माझा हात धरला. "नका सांगू, बुवा. तिले वाटन का तिच्या घरचं मले गोड लागत नाई. पोरीचं मन मोडन."

घरी पोचलो तेव्हा ऑटो दारात उभी होती. वर्षालीने डॉक्टरीणबाईंची त्याच संध्याकाळची वेळ घेतली होती. सासूबाईंचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं आणि पट्टी त्या सकाळीच निघाली होती. त्या काळा चष्मा लावून तयार होत्या. मला एकटं पाठवायला कोणी तयार नव्हतं. आम्ही चौघे दाटीवाटीने निघालो. 

मी मनात ठरवलं होतं. डॉक्टरांना एकट्यात सांगायचं, म्हणजे मामाजींचा इलाज होईल आणि वर्षालीच्या कानावर जाणार नाही. आत गेल्यावर म्हणालो, "डॉक्टर, जरा एकट्यात बोलायचं होतं."

"एकट्यात काय?" वर्षाली खुर्चीत घट्ट बसली. "इतके दिवस एकट्यातच तर खाल्लं."

डॉक्टर रागिणीबाईंनी ग्राफ पाहिला. एकदा माझ्याकडे, एकदा ग्राफकडे. "इतकं वाढलंय? मग वाट बघण्यात अर्थ नाही. पहिलं इंजेक्शन आत्ताच देऊन टाकू." त्यांनी नर्सला हाक मारली. नर्स ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये सुई होती.

सांगायचं ते सगळं माझ्या जिभेवर होतं. पण सुई दिसली आणि जीभ टाळ्याला चिकटली. नर्सने बाही वर केली. माझ्या घामाने भिजलेली चिकटपट्टी सुटली आणि जुनी चकती टपकन ट्रेमध्ये पडली.

डॉक्टरांनी ती उचलून पाहिली. "ही तर जुनी आहे. बंद पडलेली. मग हा ग्राफ कुठून येतोय?"

"थांबा बाई." मामाजी उठून उभे राहिले. "त्याहिले सुई टोचू नका. साखर माह्यी हाय."

आणि त्यांनी बाही वर केली.

 नर्सनेच आधी भानावर येऊन आमच्या दोघांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. मी डोळे मिटले होते, तेव्हा आकडे कानानेच ऐकले. मामाजींची तीनशे अडुसष्ट. माझी अठ्ठ्याण्णव.

"अठ्ठ्याण्णव?" डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. "काय खात होता तुम्ही?"

"काहीच नाही," मी म्हणालो. यापेक्षा खरं मी आयुष्यात बोललो नसेन.

मग मामाजींनी खालच्या मानेने सगळं सांगितलं. गाडी, वडा, जिलबी, बापाची रीत. वर्षाली ऐकत होती. मला वाटलं आता माझ्यावर वीज पडणार. पण ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"बाबा, तुमी माझ्या घरी उपाशी राहून राहिले इतकी वर्षं? मी रोज टोपली झाकताना रडायची. मले वाटायचं, माझ्या हाताले चव नाही."

"तुह्या हाताले लय चव हाय व माय. म्हनूनच तं अर्ध्यावर थांबनं लय जड जाये."

सासूबाईंनी काळा चष्मा सारखा केला. "सकाळी पट्टी काढली अन् पैलं काय दिसलं मले? याहिच्या धोतरावर पाकाचे डाग. म्या म्हटलं, देवीनं प्रसाद चांगला देल्ला."

"मग बोलली का नाही, आई?"

"डाक्टरनं सांगतलं होतं, डोळ्याले त्रास देऊ नका."

डॉक्टर रागिणीबाईंनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ते सगळं खरं होतं. समजा आजच ते इंजेक्शन मला गेलं असतं, तर अठ्ठ्याण्णवच्या साखरेवर मी तिथेच आडवा झालो असतो, हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. माझं इन्सुलिन त्यांनी खोडलं. दुधी आणि काकडी मात्र जन्मभरासाठी लिहून दिली. मग मामाजींकडे वळल्या.

"बाबा, साखर फार आहे. निदान दोन महिने रोज इंजेक्शन घ्यावं लागेल. आणि तपासायला इथेच राहायचं, गावी जायचं नाही."

"लेकीच्या घरी दोन मयने?"

"हो. आणि एक गोष्ट नीट ऐका. इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात घरचं जेवण व्हायलाच पाहिजे. अर्धी भाकर चालणार नाही. सांगितलं तेवढं पूर्ण ताट. नाहीतर साखर एकदम उतरेल आणि चक्कर येऊन पडाल."

मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई, म्हंजे हे जेवन औषधात धरा लागन?"

"औषधातच धरा."

"मंग रीत मोडली असं होत नाई ना?"

"अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर्षालीने पदराने डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या पहिल्या प्रमोशनलाही नव्हतं आलं.

राहिला प्रश्न, इंजेक्शन रोज कोण देणार? मामाजींना इन्सुलिनच्या पेनावरचे बारीक आकडे दिसत नाहीत. सासूबाईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वर्षाली म्हणाली, मी त्या वेळी भाकरी थापत असेन, भाकरी गरमच लागते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता रोज सकाळी मामाजी सदरा वर करून खाटेवर बसतात. स्वयंपाकघरातून भाकरीचा वास येत असतो. मी पेनाला सुई लावतो, आकडा फिरवतो आणि खिडकीतून बाहेर बघायला लागतो. मामाजी माझ्या पाठीवरून हात फिरवतात.

"भेऊ नका, जवाईबुवा. माह्या पोटाले काई होत नाई. तुमी आधी खाली बसून घ्या अन् मंग टोचा. काल पडले तवा डोकं वाचलं, रोज रोज वाचत नाई."

त्यामुळे हल्ली मी बसूनच टोचतो.